राखणीचा कोंबडा

१

रत्नागिरीतल्या त्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सकाळी विठू पाष्टे उघडायचा आणि संध्याकाळी विठू पाष्टेच बंद करायचा. एकतीस वर्षं हेच. प्राचार्य पाच झाले, विभागप्रमुख सात झाले, विठू एकच. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी ढकलला म्हणून. पण हाडांच्या कामात त्याचा हात धरील असा माणूस एम.एस्सी.वाल्यांतही नव्हता. कबूतर द्या, ससा द्या, बेडूक द्या. सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर उकळून, मांस सोडवून, दात घासायच्या ब्रशाने घासून, उन्हात पांढरं करून तो पितळी तारेत असं काही ओवायचा की बघणाऱ्याला वाटावं, प्राणी आत्ता पाटावरून उतरेल. विठू डावखुरा, त्यामुळे त्याच्या तारेचा पीळ उलटा पडे. कपाटातला कुठला सांगाडा विठूमामाच्या हातचा, हे पोरं पीळ बघून सांगत.

२००३ सालच्या डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन होतं. आफरीन मुकादम नावाची नवी मॅडम आली होती. वय पंचवीस, वडील मस्कतला, आणि बोलणं एकदा सुरू झालं की मध्ये स्टेशन नाही. तिने भिंतभर कागद चिकटवून त्यावर झाड काढलं. झाड म्हणजे नुसत्या रेघा. बुंध्याला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि टोकाटोकाला एकेक जनावर.

"हे थेरोपॉड, मामा," ती म्हणाली. "दोन पायांवर चालणारे डायनोसॉर. पोकळ हाडं, जमिनीवर टेकणारी तीन बोटं. बहुतेक सगळे मांस खाणारे."

"आणि ह्या टोकाला आपला कोंबडा कशाला बसवलाय?"

"तोही थेरोपॉडच आहे म्हणून."

"त्यांच्या वंशातला म्हणा."

"वंशातला, आणि तेच. तुमच्या वाडीत कसं, एक मूळपुरुष, मग भाऊ वेगळे निघाले. कितीही वेगळे झाले तरी पाष्टे ते पाष्टेच ना? हा नर्मदेकडचा बघा, कपाळावर शिंगाचं टेंगूळ असलेला. यंदाच नाव मिळालं ह्याला. हा लवकर वेगळा निघाला, चुलत घराणं. ही दुसरी फांदी. इथे हाताला तीनच बोटं राहिली. इथे पिसं आली. इथे शेपूट आखडली, इथे दात गेले. आणि हा आपला कोंबडा."

"मग त्याच्या आत ते सगळं अजून असेल काय?"

मॅडम हसली. "चौथी शिकलेत ना हो तुम्ही? प्रश्न बरे विचारता."

टोकाखाली ठेवायला तिला कोंबड्याचा सांगाडा हवा होता. विठू म्हणाला, दुसरा करून देतो. ती म्हणाली, चार नंबरच्या कपाटात आहे तो काय वाईट आहे? वाईट काही नव्हता. विठूने आजवर केलेल्यांत तोच सगळ्यांत चांगला होता. पाच वर्षं त्याने तो फडक्यानेही पुसला नव्हता, एवढंच.

आता पुसावा लागला. पुसता पुसता फडकं शेपटीला आलं आणि थांबलं. कोंबड्याच्या शेपटीला पाच-सहा सुटे मणके असतात आणि शेवटी नांगराच्या फाळासारखं एक जुळून झालेलं हाड. फाळ नव्हता. त्याच्या जागी चार सुटे मणी होते, उतरत्या मापाचे. प्रत्येकातून तार गेलेली. टोकाला पीळ.

उलटा.

२

त्या कोंबड्याची हकीकत एवढीच. ती सांगायला विठूला पाच वर्षं पुरली नाहीत.

१९९८ साली कॉलेजात तपासणीला कमिटी येणार होती आणि आठ दिवस आधी जुना कोंबडा विठूच्याच हातून पडून फुटला. विभागप्रमुख सायबांनी त्याला चारचौघांत झापलं. बाजारातून बॉयलर कोंबडा आणला, उकळला, तर हाडांचा चिखल झाला. चाळीस दिवसांचं जनावर ते, त्याला हाड कुठलं? सांगाड्याला गावठी कोंबडा लागतो, म्हातारा, हाड पिकलेला. तसा कोंबडा मिरजोळ्याच्या त्यांच्या वाडीत एकच होता. विठूच्या थोरल्या भावाच्या अंगणात. पण तो राखणीचा होता.

भात झोडून झालं की वाडीच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, ही वाडीची रीत. धोंडू, म्हणजे थोरला, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या बायकोने, सखूने, नवरा उठावा म्हणून पिलू असतानाच तो कोंबडा देवाच्या नावाने सोडला होता. सोडलेल्या कोंबड्याला कोणी हात लावत नाही. पिलाचा पाय एकदा पाट्याखाली सापडून मधलं बोट मोडलं, तर सखूने माडाच्या झावळीचा हीर बांधून ते सांधवलं. हाडावर वाटाण्याएवढी गाठ राहिली. बाकी कोंबडा असा की मांजर वाट सोडी.

सखू धोंडूचं औषध आणायला गेली होती. भर अकरा वाजता विठूने त्याला पिशवीत घातला आणि कॉलेजात नेला. कमिटीने सांगाड्याचं कौतुक केलं. सायबांनी पाठ थोपटली.

राखणीच्या दिवशी वाडी जमली. कोंबडा नाही. कोणी नेलान, कोणी खाल्लान? सखू रडून सांगत होती, मला खरंच ठाऊक नाही. विठूने गप्प बसावं एवढंही त्याच्याच्याने झालं नाही. बाबल्या गावकर, वाडीचा पुढारी, त्याच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, हा ओळखणार. आणि तो बोलून गेला, "परवा वयनीच्या चुलीवर रस्सा शिजत होता. वास आलेला माका."

एवढंच वाक्य. महिनाभरात धोंडू गेला. मग काय, वाडीला सगळं कळलं. देवाचा कोंबडा खाल्लान, नवऱ्याला खाल्लान. तिच्या हातचं पाणी बंद झालं. दोन महिने सोसून ती मुलीला घेऊन माहेरी हेदवीला गेली. एस.टी.त बसवायला विठू गेला होता. बोचकं त्यानेच वर चढवलं.

३

मुलगी म्हणजे योगिनी. आता वीस वर्षांची झालेली. शेपटीचे मणी दिसले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी.

"काका, चिपळूणचं स्थळ आलंय. मुलगा रेल्वेत आहे. त्यांना मी पसंत आहे."

"मग बरं झालं की."

"ते वाडीत चौकशीला येणारेत. सोमवारी. वाडीतली माणसं काय सांगतील ते तुम्हाला ठाऊक आहे."

विठूने परातीत ब्रश बुडवला. परातीत काही नव्हतं, नुसतं पाणी.

"रविवारी राखण आहे," योगिनी म्हणाली. "सगळी असतील. तुम्ही घरातले. तुम्ही एवढंच बोला की तो वास दुसऱ्या कोणाच्या चुलीचा असेल, चूक झाली. आईने कधी तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढलान नाही, काका. म्हणते, भावजींना वास आला तर आला असेल, ते खोटं कशाला बोलतील."

"बघतो," विठू म्हणाला.

ती गेल्यावर त्याने शेपटी मोजली. काल शेवटी चार मणी होते. आज नऊ होते.

४

विठू काही भुताखेतांना भिणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षं मेलेल्यांत काढली त्याने. त्याने डोकं चालवलं. एक, पोरांची मस्करी. पण पोरांना एक तार धड वाकवता येत नाही. दोन, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून त्याने डोळे मिटून बोटांनी मोजले. नऊच. तीन, आपणच हे करतो आणि विसरतो. हे तिसरं त्याला पटण्यासारखं वाटलं, कारण पीळ त्याचाच होता आणि मण्यांची भोकंही त्याच्याच बारीक गिरमिटाची. त्याने गिरमिट नेऊन घरी माळ्यावर टाकलं. तारेचं भेंडोळं बायकोच्या डब्यात लपवलं.

गुरुवारी पंख बदलले. कोंबड्याच्या पंखाच्या टोकाला हाताची हाडं एकमेकांत जुळून एक चपटी कांडी झालेली असते. ती सुटली होती. तीन बोटं. लांब, सांध्यासांध्याची, आणि प्रत्येकाच्या टोकाला नख. दोन्ही हात छातीपाशी दुमडलेले, काही धरून ठेवल्यासारखे.

तो बघत उभा असतानाच मॅडम आत आली. विठूला वाटलं, सुटलो. आता ही ओरडेल, माणसं जमतील, आणि काय ते उघडं होईल.

मॅडम टाळी वाजवून म्हणाली, "मामा! हे तुम्ही केलंत?"

विठूने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"शेपटीला घोरपडीचे मणके लावलेत ना? आणि हात? अहो, किती बरोबर केलंय! मी तुम्हाला नुसतं चित्र दाखवलं होतं." तिने सांगाड्याचा पाट उचलला आणि भिंतीवरच्या झाडाखाली कोंबड्याच्या टोकापासून एक फांदी मागे सरकवला. "आता हा इथे. बोटं सुटी, शेपूट लांब. हा पक्षी राहिला नाही. पक्ष्याच्या आधीचा."

"मॅडम, मी..."

"लाजू नका हो. तुमच्या नावाची पाटी लावणार आहे मी. मांडणी, श्री. विठू पाष्टे."

बोलायला जीभ लागते, ती त्याच्याकडे होती. त्याने मान खाली घातली, आणि मॅडमला वाटलं तो खरंच लाजला.

दुपारी पोरं गेल्यावर तो बाहेर व्हरांड्यात डबा खात बसला. आत कोणी नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, नळ थेंबाथेंबाने गळत होता. आणि मधूनच दुसरा एक आवाज. कोंबडी पाचोळा उकरते तसा. दोनदा खर्र खर्र, मग थांबणं, बघणं. मग पुन्हा. आत फरशी होती. पाचोळा कुठला? विठूने डबा झाकला. उरलेला भात तसाच घरी नेला, तर बायको म्हणाली, "काय अवो, कोणाच्या मयताला जाऊन आलाव काय?"

त्याने बायकोला, मैनाला, सगळं सांगितलं. सांगाड्याचं नव्हे, कोंबड्याचं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मैनाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तिच्या हातचं पाणी मीपण नाय घेतलं. माज्याकडसून पण ह्या करवलाव तुमी."

५

शनिवारी दात आले. चोच नव्हतीच. जबड्यात बारीक, मागे वळलेले दात, भाताच्या लोंबीतल्या दाण्यांसारखे ओळीने. पायांच्या मागची झुंजायची आरी, जी कोंबड्याची खरी मर्दानगी, ती दोन्ही पायांवरून पुसून गेली होती. शेपूट पाटाबाहेर वीतभर गेली होती. मॅडमने आणखी दोन फांद्या मागे सरकवून ठेवला होता आणि ती सामान आणायला मुंबईला गेली होती.

विठू गुडघ्यावर बसला आणि त्याने डाव्या पायाचं मधलं बोट बघितलं. गाठ होती. वाटाण्याएवढी. बाकी सगळं मागे मागे चाललेलं, पण सखूने बांधलेलं हाड जसं सांधलं तसंच होतं.

त्याला त्या गाठीचा एवढा आधार वाटला की त्याने ती बोटाने चोळली. ही गाठ वाडीत निम्म्या माणसांनी बघितलेली. हीच पुरावा. उद्या सांगायचं आणि ही दाखवायची. उद्याच. कारण हा असाच मागे जात राहिला तर कोणाला काय ओळखू येणार?

पाट कपाटात ठेवून त्याने कुलूप घातलं. ठेवताना डोकं डावीकडे वळलेलं होतं, खिडकीकडे. दारापाशी जाऊन त्याने मागे बघितलं. काचेमागे डोकं सरळ होतं.

६

रविवारी राखणीच्या जागी विठू सगळ्यांसमोर उभा राहिला आणि बोलला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. कोंबडा मी नेला. वास आला नव्हता. वयनीने काही केलान नाही.

मग बाबल्या गावकर तंबाखू मळत म्हणाला, "पाच वर्सांनी आठवला?"

"लाज वाटत व्हती."

"आनि आता नाय वाटत?"

"आता जास्त वाटते."

"नाय रे विठ्या. भावाच्या पोरीचं लगीन अडलाय म्हनून तू आपल्या अंगावर घेतोयस. मनाचा मोठा तू. पन देवाच्या जागेवर खोटा बोलू नको."

विठू म्हणाला, खोटं नाही, चला दाखवतो, बोटाची गाठ बघा. आणि सोमवारी सकाळी बाबल्या आणि आणखी दोघे खरंच कॉलेजात आले. धोतर, टोप्या, हातात छत्र्या. बरण्यांतले साप बघत बघत कपाटापाशी पोचले. विठूने कुलूप काढलं.

ते तिघे बघत राहिले. एकाने पाऊल मागे घेतलं.

"ह्यो कोंबडा?" बाबल्या म्हणाला.

"त्याचा पाय बघ. मधलं बोट."

"अरे, दात हायत ह्याला! शेपूट बघ केवडी! सरडा दाखवतोस माका आनि म्हनतोस कोंबडा?"

"गाठ बघ तू, बाबल्या. तूच म्हणाला होतास तेव्हा, सखूने बरं बांधलान म्हणून."

बाबल्या वाकला नाही. त्याने छत्री बगलेत मारली. जाता जाता दारात थांबून बाकीच्या दोघांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाला, "भावजयीचा एवढा पुळका? पाच वर्सां कशाला रे गप बसलास मग? आनि हेदवीला जातोस काय मधून मधून?"

दोघे हसले. ते हसणं दुपारी चिपळूणची माणसं चौकशीला आली तेव्हा वाडीत होतंच. आधी सखू कोंबडा खाणारी होती. आता दिराबरोबरची झाली. चिपळूणची माणसं चहाही न घेता गेली.

विठूने एक वाक्य बोलून तिला एकदा घालवली होती. आता खरं बोलून दुसऱ्यांदा.

७

बुधवारी दुपारी सखू आली. हेदवीहून निघून तीन गाड्या बदलून. एकटीच. केस पांढरे झालेले. दारात चपला काढल्या तिने, देवळात काढाव्यात तशा.

विठू उभा राहिला. काय बोलायचं ते पाच वर्षं घोकलेलं होतं.

"योगिनी म्हणाली, तुम्ही नेलात," सखू म्हणाली. "खरं?"

"होय."

"कुठे आहे?"

त्याने कपाट दाखवलं. ती काचेपाशी गेली. विठूने बघायचं टाळलं. कालपासून त्याने त्या कपाटाकडे बघितलंच नव्हतं. आत आता पाट पुरत नव्हता, इतकं त्याला कडेच्या नजरेने कळत होतं. खालचा खण भरलेला होता.

सखू ओरडली नाही. काचेला कपाळ लावून ती खाली खाली बघत गेली आणि पायांपाशी थांबली.

"होय," ती म्हणाली. "हा माझाच."

"वयनी, तुम्ही चला वाडीत. तुम्ही सांगितलंत तर..."

"काय सांगू? आणि कोणाला?" ती वळली. रागाने बघेल म्हणून तो तयार होता. तिने रागाने बघितलं नाही, नुसतं बघितलं, भिंतीकडे बघावं तसं. "किल्ली द्या. आणि बाहेर उभे रहा जरा."

थांबा म्हणायला हवं होतं. आत काय आहे ते मला माहीत नाही, एकट्या थांबू नका, असं म्हणायला हवं होतं. विठूने किल्ली दिली आणि बाहेर आला. बाहेर येताना त्याला सुटल्यासारखं वाटलं. खरी लाज ती. बाकी सगळी तिच्या खालची.

कुलूप निघाल्याचा आवाज आला. कपाटाचं दार करकरलं. मग सखूचा आवाज, अंगणातला, सकाळचा, पाच वर्षांपूर्वीचा. "ये, ये, ये, ये..." पदराच्या गाठीतले तांदूळ फरशीवर पडले, बारीक पावसासारखे.

मग काही नाही. घड्याळ. नळ.

मग फरशीवर नखं वाजली. एक पाय. थांबून दुसरा. पाय दोनच होते, पण त्यांच्यावरचं वजन कोंबड्याचं नव्हतं. मागून काहीतरी लांब घासत येत होतं.

विठूचा हात दाराच्या मुठीवर गेला. आत बाई एकटी आहे, त्याच्या भावाची बायको, आणि तिला आत त्याने सोडली आहे. हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याने घड्याळाचे ठोके मोजले. साठ झाले. मग त्याने दार वीतभर उघडलं.

खिडकीतलं दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. सखू टेबलाच्या पलीकडे उकिडवी बसली होती, पाठमोरी, हात पुढे केलेला. तिच्या खांद्यावरून एक मान खाली वाकली होती. हाड होतं की त्यावर कातडी आणि पिसं होती, ते उन्हामुळे नीट दिसलं नाही. तळहातावरचे दाणे ते एकेक करून घेत होतं. दातांनी, जपून, तिला लागू नये म्हणून.

मग मान वर झाली. डोळ्यांच्या जागी जे काही होतं ते दाराकडे वळलं, आणि ते सखूच्या पदराआड सरकलं. घाबरून.

सखू मागे न बघता म्हणाली, "दार लावा, भावजी. तुम्हाला बघून बुजतोय तो."

विठूने दार लावलं.

आतून बोलणं ऐकू येत राहिलं. ती त्याला सगळं सांगत होती. धोंडूचे शेवटचे दिवस, हेदवीचं घर, गोठ्याला लागून मिळालेली खोली, योगिनीची शाळा, तिला आलेलं स्थळ. विठू दाराला पाठ लावून उन्हं उतरेपर्यंत ऐकत उभा होता. पाच वर्षांचं सगळं होतं त्यात. त्याचं नाव एकदाही आलं नाही.